आजोळची जमीन, सासुरवाडीचा आसरा

उत्तर जर्मनीतलं ब्राउनश्वाइग हे गाव सिंह हाइन्रिशच्या बापाचं कधीच नव्हतं. ते आलं पणजीकडून. ब्रुनो घराण्याची वारस असलेली गेरट्रूड नॉर्टहाइमच्या जाड्या हाइन्रिशला दिली. त्यांची मुलगी रिशेन्झा. तिने सुप्लिनबुर्गच्या लोथारशी लग्न केलं; हा लोथार ११२५ साली जर्मनीचा राजा आणि ११३३ साली सम्राट झाला. लोथार आणि रिशेन्झा यांना मुलगा नव्हता, एकच मुलगी होती, तिचंही नाव गेरट्रूड. ११२७ साली तिचं लग्न बवेरियाच्या ड्यूकशी, वेल्फ घराण्यातल्या गर्विष्ठ हाइन्रिशशी लावून दिलं. त्यांचा मुलगा म्हणजे आपला हाइन्रिश, जन्म ११३०च्या आसपासचा, पुढे ‘सिंह’ म्हणून गाजलेला. पणजीकडून आजीकडे, आजीकडून आईकडे, आईकडून मुलाकडे असा या जमिनीचा प्रवास. ब्रुनो, नॉर्टहाइम आणि सुप्लिनबुर्ग या तिन्ही घराण्यांची मालमत्ता लेकींच्या हातून एका नातवापाशी येऊन थांबली.

बाराव्या शतकातला सर्वांत बलाढ्य जर्मन सरदार म्हणून याची ओळख करून देतात, आणि पाठोपाठ सम्राट बार्बारोसाशी झालेल्या वैराची गोष्ट सांगतात. ती खोटी नाही. पण हिशेबाची वही उघडली तर जमेची जवळजवळ प्रत्येक नोंद आई, आजी किंवा बायको यांच्या खात्यातून आलेली दिसते, आणि खर्चाच्या बाजूला भाऊबंद.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जर्मन सरदाराकडची जमीन दोन प्रकारची असे. एक राजाने दिलेली. तिच्याबदल्यात चाकरी करायची, आणि राजाची मर्जी फिरली की ती काढून घेता येई. दुसरी स्वतःच्या मालकीची, वारसाने आलेली. मराठी वाचकाला सरंजाम आणि वतन म्हटलं की फरक कळतो. सॅक्सनी आणि बवेरिया या दोन डची, म्हणजे ड्यूकच्या हाताखालचे मुलूख, हे सरंजाम. ब्राउनश्वाइग, ल्युनेबुर्ग, नॉर्टहाइम ही वतनं. गंमत अशी की सरंजामाने मान मिळे, पण शिबंदी पोसली जाई ती वतनाच्या उत्पन्नावर.

११३७च्या डिसेंबरात लोथार गेला. जावई राजा होणार असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात ११३८ साली होहेनश्टाउफेन घराण्याचा तिसरा कॉनराड निवडून आला आणि त्याने गर्विष्ठ हाइन्रिशच्या दोन्ही डची काढून घेतल्या. सॅक्सनी ‘अस्वल’ अल्ब्रेश्टला दिली. पुढच्याच वर्षी गर्विष्ठ हाइन्रिश क्वेडलिनबुर्गला अचानक वारला. मागे जेमतेम दहा वर्षांचा पोरगा. इथे पहिल्यांदा आजी उभी राहिली. रिशेन्झा सम्राटाची विधवा होती आणि सॅक्सनीतल्या जुन्या सरदारांना तिच्या माहेरच्या नावाची किंमत होती. तिने त्यांना नातवाच्या पाठीशी धरून ठेवलं आणि अल्ब्रेश्टला सॅक्सनीत पाय रोवू दिले नाहीत. ११४१ साली ती गेली.

मग तडजोड निघाली ती आईच्या दुसऱ्या लग्नातून. ११४२ साली गेरट्रूडने बाबेनबेर्ग घराण्याच्या हाइन्रिश यासोमिरगॉटशी लग्न केलं. मुलाला सॅक्सनी मिळाली, त्याने बवेरियावरचा हक्क सोडला, आणि बवेरिया सावत्र बापाला गेली. कागदावर सगळं छान जमलं होतं. पण १८ एप्रिल ११४३ला गेरट्रूड बाळंतपणात गेली, वय २८ वर्षं. दुवा तुटला तशी तडजोडही सैल झाली. ११४७ साली मिसरूड फुटलेला हाइन्रिश दरबारात उभा राहून बवेरिया परत मागू लागला. बापाकडून ती अन्यायाने काढून घेतली होती, असं त्याचं म्हणणं.

हा तिढा सोडवला फ्रीडरिश बार्बारोसाने. ११५२ साली तो राजा झाला तो होहेनश्टाउफेन आणि वेल्फ या दोन्ही घराण्यांचं रक्त अंगात होतं म्हणूनच. त्याची आई यूडिट ही गर्विष्ठ हाइन्रिशची सख्खी बहीण. म्हणजे बार्बारोसा हा सिंहाचा आतेभाऊ. आणि यासोमिरगॉट? तो बार्बारोसाच्या बापाचा सावत्र भाऊ. सम्राटाचा सावत्र काका आणि सिंहाचा सावत्र बाप, दोन्ही एकच माणूस. इंग्रजीत हे सगळे नुसते ‘कझिन’ आणि ‘अंकल’ होऊन जातात. मराठीत नाती उलगडून सांगता येतात, आणि सांगितली की राजकारण आपोआप कळतं.

सप्टेंबर ११५६मध्ये रेगेन्सबुर्गजवळ निवाडा झाला. यासोमिरगॉटने सात निशाणं सम्राटाच्या हाती दिली, म्हणजे बवेरिया परत केली. सम्राटाने ती सातही सिंहाला दिली. सिंहाने त्यांतली दोन परत केली: ऑस्ट्रियाचा सरहद्दी मुलूख आणि त्याला जोडलेल्या जहागिऱ्या. सम्राटाने त्या मुलखाची नवी डची करून तीच दोन निशाणं यासोमिरगॉट आणि त्याची बायझंटाइन बायको थेओडोरा यांच्या हाती ठेवली. कुणाची मान खाली गेली नाही. १७ सप्टेंबरच्या सनदेत एक कलम होतं: ऑस्ट्रिया मुलाकडे जाईल, मुलगा नसेल तर मुलीकडे. हे कलम लक्षात ठेवा.

दोन डची हाती आल्यावर सिंहाने जे केलं त्याला शुद्ध मराठीत घशात घालणं म्हणतात. स्टाडचा काउंट ११४४ साली मारला गेला होता. त्याचा भाऊ हार्टविग चर्चमध्ये होता, त्याने वारसा ब्रेमेनच्या आर्चबिशपला देऊ केला. सिंहाच्या माणसांनी आर्चबिशपलाच पकडून ठेवलं आणि स्टाड घेतलं. ११५२ साली विन्ट्सेनबुर्गच्या काउंटचा खून झाला, तिथेही हा हक्क सांगायला हजर. निर्वंश झालेल्या घराशी बादरायण संबंध जोडायचा, नसेल तर ड्यूक म्हणून बेवारशी मालावर हक्क सांगायचा. शेजारच्या सरदारांनी हे पंचवीस वर्षं पाहिलं आणि मनात ठेवलं.

म्युनिकचा जन्मही अशाच धसमुसळेपणातून झाला. राइशेनहालचं मीठ पश्चिमेला जायचं ते इझार नदीवरच्या फ्योरिंगच्या पुलावरून, आणि तिथली जकात फ्रायझिंगच्या बिशपची. सिंहाने पूल आणि बाजार मोडले आणि नदीच्या काठाने थोडं वर, आपल्या हद्दीत, नवे उभारले. बिशप ओट्टो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. तो यासोमिरगॉटचा सख्खा भाऊ, म्हणजे सम्राटाचा आणखी एक सावत्र काका. १४ जून ११५८ला आउग्सबुर्गला निकाल लागला: बाजार म्युनिकलाच राहील, जकात आणि टांकसाळीच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बिशपला द्यायचा. आज ते शहर हीच तारीख आपला जन्मदिवस मानतं.

या भराच्या काळात, ११६६च्या सुमारास, ब्राउनश्वाइगच्या वाड्यासमोर तो काशाचा सिंह उभा राहिला. वजन सुमारे ८८० किलो, लांबी २.७९ मीटर, उंची १.७८ मीटर. रोमन काळानंतर आल्प्सच्या उत्तरेला एवढा मोठा, आतून पोकळ, सुटा उभा पुतळा कुणी ओतला नव्हता. पद्धत मेणाची. आधी मातीचा गाभा, त्यावर हव्या त्या जाडीचा मेणाचा थर, आयाळीच्या बटा मेणातच कोरायच्या, रस आत जायला आणि हवा बाहेर पडायला नळ्या लावायच्या, मग बाहेरून मातीचे लेप. सगळं भाजलं की मेण वितळून वाहून जातं आणि गाभा नि कवच यांच्यामधल्या पोकळीत धातू ओततात. मेण गेल्यावर गाभ्याला आधार फक्त आरपार टोचलेल्या खिळ्यांचा. तो जरा सरकला की एका अंगाला पत्रा जाड आणि दुसऱ्या अंगाला भोक. मातीत ओल राहिली तर वाफ होऊन साचा फुटतो. रस सावकाश ओतला तर चारी पायांपर्यंत पोचायच्या आत थिजतो. एवढा धोका पत्करून उभं केलेलं चिन्ह कुणाला काय सांगत होतं, हे शेजाऱ्यांना कळलंच असणार. मूळ पुतळा आता आत, वाड्यात आहे. चौकात दिसते ती प्रतिकृती.

लग्नांकडे वळू. पहिली बायको त्सेरिंगेन घराण्याची क्लेमेन्सिया. तिने आणलेला हुंडा: बाडेनवाइलरचा किल्ला, १०० शिलेदार आणि ५०० हूफे जमीन. एक हूफे म्हणजे एका शेतकरी कुटुंबाचं पोट भरेल एवढी. पण बाडेनवाइलर पार नैर्ऋत्येला, सिंहाचं घर उत्तरेला. म्हणून ११५८ साली त्याने तो हुंडा बार्बारोसाला देऊन हार्ट्स डोंगरातले हेर्ट्सबेर्ग आणि शार्ट्सफेल्स हे किल्ले घेतले. बायकोचं माहेर असं आधी नकाशावरून गेलं. त्यांचा तान्हा मुलगा ल्युनेबुर्गला मेजावरून पडून दगावला असं सांगतात; जगली ती मुलगी. ११६२ साली कोन्स्टान्झला काडीमोड झाला. कारण दाखवलं जवळच्या नात्याचं. चर्चचा नियम त्या वेळी सात पिढ्यांपर्यंत सपिंडांत लग्न नको असा होता, आणि बड्या घराण्यांत सात पिढ्या मागे गेलं की सगळेच एकमेकांचे. नियमामुळे लग्नं अडत नसत, मोडायला मात्र तो हाताशी असे. १२१५ साली चर्चने मर्यादा चार पिढ्यांवर आणली. खरं कारण उघड होतं: वारस नव्हता, आणि बार्बारोसाचं त्सेरिंगेनवाल्यांशी बिनसलं होतं. क्लेमेन्सियाचं पुढे साव्हॉयच्या काउंटशी लग्न झालं.

दुसरं लग्न १ फेब्रुवारी ११६८ला मिन्डेनच्या कॅथेड्रलमध्ये. नवरा चाळिशीकडे झुकलेला. नवरी माटिल्डा, इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीची थोरली लेक, अजून बारा पूर्ण नसलेली. थोरल्या मुलीच्या लग्नासाठी सरदारांकडून पट्टी घ्यायचा राजाला हक्क होता, आणि हेन्रीने ती दर शिलेदारी जहागिरीमागे १ मार्क, म्हणजे १६० पेनी, अशी बसवली. मुलीच्या लग्नाचा खर्च सगळ्या राज्यावर.

या मुलीच्या नशिबात काय होतं हे तेव्हा कुणाला दिसलं असेल? ११७२ साली नवरा जेरुसलेमच्या यात्रेला गेला. मग पाठोपाठ मुलं झाली: रिशेन्झा, हाइन्रिश, लोथार, ओट्टो. नावं वाचली की कळतं: मुलीला सिंहाच्या आजीचं, एका मुलाला त्याच्या आजोबांचं. आजोळ विसरायचं नव्हतं.

हेच चित्रात पाहायचं तर हेल्मार्सहाउझेनच्या मठात हेरिमान नावाच्या साधूने केलेली शुभवर्तमानाची पोथी पाहावी. २२६ पानं, ५० पूर्ण पानाची चित्रं. एका चित्रात आभाळातून हात येऊन हाइन्रिश आणि माटिल्डा यांच्या डोक्यांवर मुकुट ठेवतायत. हाइन्रिशच्या मागे चौघं उभे: बाप, आई, आणि सम्राट लोथार, सम्राज्ञी रिशेन्झा. म्हणजे आईचे आईवडील. वेल्फ घराण्याचे, बापाकडचे आजी-आजोबा चित्रातच नाहीत. माटिल्डाच्या मागे तिचा बाप हेन्री आणि त्याची आई, म्हातारी सम्राज्ञी माटिल्डा. म्हणजे इंग्लंडच्या गादीवरचा हक्क ज्या बाईकडून आला ती. आपलं मोठेपण कुठून आलं याबद्दल या जोडप्याच्या मनात काही संभ्रम नव्हता. ही पोथी ६ डिसेंबर १९८३ला लंडनच्या लिलावात ३.२५ कोटी जर्मन मार्कांना गेली. आता ती वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयात आहे.

बापाकडचा वारसा मात्र त्याने हातचा घालवला, आणि तोही चिक्कूपणापायी. सख्खा काका सहावा वेल्फ दक्षिणेतल्या मालमत्तेचा धनी. त्याचा एकुलता मुलगा ११६७ साली रोमच्या स्वारीत साथीत गेला. म्हातारा मग मेजवान्यांत पैसा उडवू लागला आणि पुतण्याला म्हणाला, रोख रक्कम दे, माझ्यामागे सगळं तुझं. पुतण्याने कबूल केलं आणि पैसे द्यायची टाळाटाळ केली. म्हातारा आज ना उद्या जाणार, मग फुकटच मिळेल हा हिशेब. काकाने वाट पाहिली आणि सौदा दुसऱ्याकडे नेला: बहिणीच्या मुलाकडे, म्हणजे बार्बारोसाकडे. त्याने पैसे मोजले. म्हातारा ११९१पर्यंत जगला.

म्हणून ११७६ साली कियाव्हेन्नाला बार्बारोसाने इटलीच्या लढाईसाठी कुमक मागितली आणि सिंहाने नाही म्हटलं, या एकाच प्रसंगावर सगळं ढकलणं मला पटत नाही. सम्राट गुडघ्यांवर आला होता असं बखरकार नंतर लिहितात. सिंहाने बदल्यात चांदीच्या खाणींचं गोस्लार मागितलं असंही. कुमकेशिवाय बार्बारोसा लेन्यानोला हरला, हे खरं. पण घाव घातला तो दुखावलेल्या शेजाऱ्यांनी. ११७९ साली त्यांनी फिर्यादी केल्या. वोर्म्स, माग्डेबुर्ग, काइना: बोलावणी आली, सिंह एकदाही गेला नाही. मध्ये हाल्डेन्सलेबेनजवळ दोघे भाऊ भेटले, तेव्हा बार्बारोसाने मिटवामिटवीसाठी ५,००० मार्क मागितले. मार्क सुमारे २३३ ग्रॅमचा धरला तर साधारण ११६५ किलो चांदी. सिंहाला रक्कम जास्त वाटली.

न जाण्यात मोठा घोटाळा होता. खटला दोन कायद्यांनी चालला. मुलखाच्या कायद्याने गैरहजर राहणारा बहिष्कृत होतो. सरंजामी कायद्यात तीनदा बोलावून सरंजामदार आला नाही तर तेवढ्यावरच सरंजाम जप्त होतो, मूळ फिर्याद खरी की खोटी हे पाहावंच लागत नाही. जानेवारी ११८०मध्ये व्युर्त्सबुर्गला तेच झालं. १३ एप्रिलला गेल्नहाउझेनच्या सनदेने सॅक्सनीचे दोन तुकडे झाले: वेस्टफालिया कोलोनच्या आर्चबिशपला, उरलेला अस्वल अल्ब्रेश्टच्या मुलाला. सप्टेंबरात बवेरिया ओट्टो फॉन विटेल्सबाखला गेली. त्या घराण्याने ती १९१८पर्यंत राखली. सम्राटाने सिंहाच्या शिलेदारांना शरण येण्याच्या मुदती दिल्या, आणि बहुतेकांनी किल्ल्यांच्या किल्ल्या आणून दिल्या.

नोव्हेंबर ११८१मध्ये एर्फुर्टला सिंह आतेभावाच्या पायांशी आला. दोन्ही डची गेल्या त्या गेल्याच. ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबुर्गची वतनं तेवढी परत मिळाली. वर तीन वर्षांची हद्दपारी.

जायचं कुठे, हा प्रश्नच नव्हता. ११८२ साली माटिल्डा नवरा आणि मुलं घेऊन माहेरी आली. लोथार तेवढा जर्मनीत राहिला. सासऱ्याने नॉर्मंडीत आणि इंग्लंडमध्ये ठेवून घेतलं, खर्च इंग्लंडच्या सरकारी हिशेबात पडला. धाकटा विल्हेल्म ११८४ साली विंचेस्टरला जन्मला. ११८५ साली घरी परतले. ११८९ साली बार्बारोसा धर्मयुद्धाला निघाला तेव्हा सिंहाने पुन्हा हद्दपारी पत्करली; माटिल्डा या खेपेला मागे राहिली, जमीन सांभाळायला. २८ जूनला ती ब्राउनश्वाइगला वारली, आठ दिवसांनी तिचा बाप. सिंह शपथ मोडून परतला आणि २८ ऑक्टोबरला त्याने बार्डोविक हे भरलेलं व्यापारी गाव बेचिराख केलं. बायको गेल्यावरचा दुखवटा म्हणून याकडे पाहायचा मोह होतो, पण मुलूख परत घ्यायची घाई हे कारण पुरेसं आहे.

पुढची किंमत मुलांनी मोजली. लोथार ओलीस म्हणून दिला गेला आणि ११९० साली आउग्सबुर्गला वारला. ओट्टो आणि विल्हेल्म मामाच्या, म्हणजे कैदेत पडलेल्या इंग्लंडच्या राजा रिचर्डच्या सुटकेसाठी ओलीस राहिले. समेट झाला तो पुन्हा लग्नातून. थोरल्या हाइन्रिशचं आग्नेसशी जमलं होतं. ती बार्बारोसाच्या सावत्र भावाची मुलगी, आणि आताचा सम्राट, बार्बारोसाचा मुलगा सहावा हाइन्रिश, याच्या मनात तिला फ्रान्सच्या राजाला द्यायचं होतं. ११९३-९४च्या हिवाळ्यात बाप घरी नसताना तिच्या आईने श्टालेकच्या किल्ल्यात गुपचूप लग्न उरकलं. सम्राट भडकला, मग त्याला पटलं. मार्च ११९४मध्ये टिलेडाला दिलजमाई झाली. म्हातारा सिंह वाटेत घोड्यावरून पडला होता. शेवटच्या महिन्यांत तो जुन्या बखरी गोळा करवून रात्र रात्र वाचून घेत असे. ६ ऑगस्ट ११९५ला गेला.

ओट्टो सम्राटपदापर्यंत पोचला, पण निपुत्रिक गेला. थोरल्याला शेवटी दोन मुलीच उरल्या. नाव चाललं ते विंचेस्टरला जन्मलेल्या विल्हेल्मच्या मुलाकडून. त्यालाही ओट्टोच म्हणत. थोरल्याच्या मुलींचा ब्राउनश्वाइगवरचा हक्क दुसऱ्या फ्रीडरिशने, म्हणजे बार्बारोसाच्या नातवाने, विकत घेतला होता. ऑगस्ट १२३५मध्ये माइन्झला तोड निघाली: ओट्टोने ल्युनेबुर्ग हे आपलं वतन सम्राटाच्या हवाली केलं, सम्राटाने त्यात ब्राउनश्वाइग घातलं, दोन्ही मिळून नवी डची केली आणि ती ओट्टोला परत दिली. वतनाचा सरंजाम झाला. आणि सनदेत पुन्हा ते कलम: वारसा मुलांकडे आणि मुलींकडेही जाईल.

या घराण्याची एक शाखा हॅनोवरला राहिली. तिच्यातला जॉर्ज १७१४ साली इंग्लंडच्या गादीवर बसला तोही आईच्या हक्काने. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा लंडनच्या गादीवर असलेला तिसरा जॉर्ज हा सिंहाचाच थेट वंशज. त्याची नात व्हिक्टोरिया, जिचं नाव १८८७ साली बोरीबंदरच्या स्टेशनाला दिलं, १८३७मध्ये राणी झाली. तोवर हॅनोवरचा कायदा बदललेला होता: घराण्यात एकही पुरुष शिल्लक असेपर्यंत मुलीला वारसा नाही. इंग्लंड तिला मिळालं. हॅनोवर तिचा काका अर्न्स्ट आउगुस्ट घेऊन गेला.